नाव न सापडलेलं लाकूड

भुसाकाका लाकूड चाखून बघायचे. मोडक्या खुर्चीचा हात असो की भंगारात आलेल्या पलंगाचा पाय, तो हातात आला की आधी ते वजन तोलायचे. मग पटाशीने टोकाकडची पातळशी चकती काढून पाण्यात बुडवायचे आणि उजेडाकडे धरायचे. रंध्याचा एक हात मारून निघालेली ढलपी नाकाशी न्यायचे. एवढं करूनही नाव पटलं नाही, तर सरळ जिभेचं टोक लाकडाला लावायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारीच आली होती, कारण तो पाय कुठल्याशा लॉजमधल्या पलंगाचा होता. काकांनी शांतपणे थुंकून चूळ भरली आणि म्हणाले, "कडुनिंब. आता दुपारपर्यंत काहीही खाल्लं तरी गोडच लागेल."

जेलरोडच्या आमच्या कॉलनीत त्यांचं घर माझ्या घरापासून चौथं. घरामागे पत्र्याची शेड होती आणि तीत निवृत्तीनंतरचा त्यांचा सगळा दिवस जायचा. बाहेर पडताना शर्ट झटकायचे, पाय आपटायचे, तरी भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर भुसा राहायचाच. कॉलनीतल्या मुलांनी त्यावरून नाव ठेवलं आणि मोठ्यांनीही ते उचललं. काका त्या नावावर खूश होते. काकी मात्र दारात उभ्या राहून रोज ओरडायच्या, "उंबऱ्याच्या बाहेर झटका तो! भाकरीत येतोय माझ्या!"

मी अंबडच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करते. दिवसभर मोजमापं घ्यायची आणि मिलिमीटरच्या चुका धरायच्या. घरी एकटीच असते, तेव्हा काहीतरी हाताने करावं म्हणून जुनं सामान आणून दुरुस्त करायचा नाद लागला. पहिलं टेबल आणलं, ते घासूनपुसून काढलं, भिंग घेऊन बसले आणि मोठ्या ऐटीत काकांकडे जाऊन सांगितलं, "काका, शिसवी आहे." त्यांनी फळी उलटी केली, कोपऱ्यात पटाशी लावली, आणि आतून फिकट, मऊ लाकूड वर आलं.

"आंबा आहे, मॅडम. तुम्ही पॉलिश तपासलंत, लाकूड नाही."

तपासणीच्या नोकरीवरून ते मला कायम मॅडमच म्हणत राहिले. 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं, तरी मॅडम गेलं नाही. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मी त्यांच्या शेडमध्ये जाऊ लागले. सात वर्षं जात राहिले.

शेडच्या एका भिंतीवर लांब फळी ठोकलेली होती. तिच्यावर बोटभर लांबीचे लाकडाचे तुकडे ओळीने मांडलेले असायचे. प्रत्येकावर पेन्सिलने नाव आणि ते कुठून आलं ते लिहिलेलं. 'ऐन, पेठकडच्या घराची तुळई.' 'हळदू, शाळेतला बाक.' 'सागवान, दवाखान्याचं दार.' शेवटी थोडी जागा सोडून चार-पाच तुकडे वेगळे ठेवलेले असायचे. त्यांच्यावर फक्त गाव, नाव नाही. एकदा एक फर्निचरवाला घाईत आला होता. त्याच्या कपाटाचं लाकूड काकांना ओळखू येईना. तो म्हणाला, "सागवानच सांगा की काका, गिऱ्हाईक काय चाखून बघणारे?" काकांनी तुकडा त्याच्या हातात परत दिला. "मला नाय ओळखू आलं. तसं सांग त्याला." फर्निचरवाला गेला, आणि नंतर मी म्हटलं, की तो बाहेर तुमचं नाव खराब करेल. त्यावर काका फक्त हसले.

मात्र एका गोष्टीवर ते हसत नसत. आपल्याकडे सहज विचारतात, 'कुठल्या जातीचं लाकूड आहे?' विचारणाऱ्याच्या मनात काहीही नसतं. माझ्याही तोंडून एकदा ते निघालं. काकांचा रंधा थांबला.

"नाव विचार. जात नको विचारू."

मला ओशाळल्यासारखं झालं. थोड्या वेळाने त्यांनी आपणहून सांगितलं. इगतपुरीजवळच्या खेड्यातून विशीत ते एका मोठ्या सुतारखान्यात कामाला लागले. वडिलांनी गावात कधी हत्यार धरलेलं नव्हतं, पण काकांना सुतारकाम शिकायचंच होतं. पहिल्या दिवशी तिथल्या मुख्य मिस्त्रीने आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग ज्याच्यासाठी हे दोन्ही विचारलं होतं तेही विचारलं. उत्तर ऐकून त्याने यांच्या हातात झाडू दिला. दोन वर्षं काकांनी तिथला भुसा झाडला.

"हत्याराला हात लावू देत नव्हता. मग मी भुसाच बघत बसायचो," ते म्हणाले. "कुठल्या यंत्राखाली कुठल्या रंगाचा पडतो, कुठल्याचा वास चामड्यासारखा, कुठल्याचा गोड, कुठला ओला झाला की काळा पडतो. मिस्त्रीला फळी बघून जे कळायचं नाही, ते मला केरावरून कळायला लागलं. एकदा साहेबासमोर त्यानं सागवान म्हणून भलतंच लाकूड कापायला घेतलं. मी झाडू बाजूला ठेवला आणि सांगितलं, हे सागवान नाय. दुसऱ्या दिवशी साहेबानं मला रंधा दिला."

हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठेही फुशारकी नव्हती. शेडमध्ये बाबासाहेबांचा एक फोटो होता. सांगून झाल्यावर त्यांनी फडकं घेऊन त्याची काच पुसली आणि मला म्हणाले, "ये, ऐनाच्या फळीला धार कशी लावायची ते दाखवतो." मग स्वतःचीच चूक लक्षात येऊन म्हणाले, "फळीला नाय, पटाशीला."

त्यांच्याकडच्या सगळ्यात सुंदर सकाळींपैकी एक बिबळ्याच्या लाकडाची. कुठल्या तरी जुन्या देवघराच्या चौकटीचा तुकडा आला होता. काकांनी काकींकडून काचेचा ग्लास मागवला, त्यात चिमूटभर ढलप्या टाकल्या आणि मला थांबायला सांगितलं. हळूहळू पाणी चहासारखं पिवळं झालं. मग त्यांनी ग्लास उन्हात धरून थोडा कलता केला, आणि त्या पिवळ्या पाण्याच्या कडेवर निळी झाक उतरली. मी लहान मुलीसारखी ओरडले. काकी बाहेर आल्या, त्यांनीही पाहिलं. म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला माझ्यासंगं, मला कधी दाखवलं नाय हे." काका एवढे लाजले, की ग्लास तसाच सोडून आत निघून गेले.

छाती त्यांची आधीपासूनच कमजोर होती. थंडी पडली की खोकला सुरू व्हायचा. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला स्पष्ट सांगितलं होतं. काकींनी औषधाच्या दुकानातून तोंडाला बांधायच्या पट्ट्या आणल्या होत्या. त्या खुंटीला टांगलेल्या राहायच्या. "नाक बांधून लाकूड कसं ओळखू?" असं ते विचारायचे. हे सगळं मला माहीत होतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते माहीत असून केलं.

सुजाता माझी धाकटी बहीण. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोन वेळा दिवस जाऊन गर्भ टिकला नव्हता. तिसऱ्या वेळी सहावा महिना सुखरूप पार पडला, तेव्हा तिने पहिल्यांदा मोठ्याने बोलायची हिंमत केली. मला म्हणाली, "ताई, पाळणा तू कर. तुझ्या हातचा." मी हो म्हटलं आणि घरी येऊन रडले. मला चांगलं, जुनं, मुरलेलं लाकूड हवं होतं. त्याच आठवड्यात देवळालीच्या एका जुन्या बंगल्यातलं कपाट मोडीत निघाल्याचं कळलं. मी टेम्पो करून त्याच्या फळ्या घेऊन आले. मधासारखा रंग, दाट रेषा, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत पोत. इतकं देखणं लाकूड मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

काकांनी वजन केलं, चकती काढली, भिंग लावलं, वास घेतला. मग जीभ लावली आणि लगेच मागे झाले. दोनदा चूळ भरली.

"जिभेला मुंग्या येतात," ते म्हणाले. "हे इकडचं नाय. बाहेरून आलेलं असणार. कुठलं ते मला नाय कळत."

"पण पाळण्याला चालेल ना?"

"नाव कळल्याशिवाय नको. बाळ त्यात झोपणार, कठडा चघळणार."

"वरून पॉलिश देईन की."

"दात आले की बाळ पॉलिशच आधी काढतं, मॅडम. दुसरं घे. माझ्याकडे शिवणाचं लाकूड आहे, हलकं आहे, ते घेऊन जा."

मला त्यांचं शिवण नको होतं. ते फिकट होतं, साधं होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्या मधाच्या रंगाचा पाळणा उभा राहिला होता. त्यात हलणारं सुजाताचं बाळ मला दिसत होतं, आणि हे म्हातारे गृहस्थ जिभेच्या मुंग्यांवरून तो पाळणा मोडून टाकत होते. मी म्हणाले, "काका, तुम्हाला ओळखता येत नाही, हे सरळ म्हणा ना. लाकडावर कशाला ढकलता?"

असं मी बोलले. सात वर्षं ज्यांच्याकडे शिकले, त्यांना.

काकांनी चारी फळ्या उचलून भिंतीला लावल्या आणि म्हणाले, "राहू दे इथं. बघतो."

मी तावातावाने घरी आले. पुढच्या रविवारी कारखान्यात जादा काम होतं. त्याच्या पुढच्या रविवारी नव्हतं, तरी मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी सुजाताकडे गेले. येता-जाता त्यांच्या घरावरून जावं लागायचं, तर मी मागच्या गल्लीने जात असे. जानेवारीची थंडी होती. शेडचं दार बंद असायचं आणि आतून रंध्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, काका नेहमीचं काहीतरी काम करत असतील. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

चौथ्या आठवड्यात मी कामावर असताना काकींचा फोन आला. त्या कधीच मला फोन करत नसत. "दवाखान्यात ठेवलंय. श्वासच घेता येईना. येतेस का?"

मी तशीच निघाले. काकी दारातल्या बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. काका तीन आठवडे रोज त्या फळ्यांवर काम करत होते. कधी तासून ढलप्या पाण्यात टाकायचे, कधी करवतीने कापून भुसा गोळा करायचे, कधी चिमूटभर जाळून धूर हुंगायचे. दुसऱ्याच दिवशी शिंका सुरू झाल्या, मग डोळे लाल झाले, मग खोकला. काकींनी शेडला कुलूप लावलं, तर त्यांनी ते उघडलं. शेवटच्या दिवशी ते शेडच्या दाराला धरून उभे राहिलेले सापडले, ओठ निळे पडलेले.

आत मला दोन मिनिटंच सोडलं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला बघून त्यांनी हात वर केला आणि मास्क बाजूला सारला. नर्स ओरडली. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मॅडम... नाय सापडलं नाव."

"काका, राहू द्या. मास्क लावा आधी."

"पाळणा... त्याचा करू नको. मला त्रास झाला... बाळाला होईल. म्हण, नाही करणार."

"नाही करणार. काका, मी..."

नर्सने मास्क परत बसवला आणि मला बाहेर जायला सांगितलं. मला माफी मागायची होती. 'मी' एवढंच म्हणून झालं होतं. ठरवलं, उद्या येऊन नीट बोलू, उद्या त्यांना बरं वाटेल. दुसऱ्या दिवशी त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं आणि कोणालाच आत सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काका गेले.

डॉक्टरांना मी नंतर जाऊन विचारलं. ते म्हणाले, छाती जुनीच खराब होती, नक्की त्या भुश्यानेच झालं असं कोणी सांगू शकणार नाही. पण त्याने झालंच नाही, असंही म्हणता येणार नाही. एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या म्हणाल्या, परदेशी असावं, याच्यासारख्या काही लाकडांचा भुसा विषारी असतो, पण नाव मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी मान डोलावून परत आले. त्या बाईंच्या जागी दुसरं कोणी असतं आणि त्यांनी नाव सांगितलं असतं, तरी ते मी कोणाला नेऊन देणार होते?

काका गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी मी सगळ्यांना पाणी वाटत होते. पुण्याहून आलेला काकांचा मुलगा मला म्हणाला, "ताई, बाबा फोनवर नेहमी तुमच्याबद्दल बोलायचे. म्हणायचे, एक तरी माझं शिकलेलं पुढे नेईल." मी तांब्या घेऊन पुढच्या माणसाकडे वळले. काकी समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

मार्चमध्ये सुजाताला मुलगी झाली. दोघी सुखरूप. हॉस्पिटलमध्ये सुजाता हळूच म्हणाली, "ताई, पाळणा?" वखारीतून शिवणाच्या फळ्या आणलेल्या होत्या, हत्यारं होती, वेळ होता. एकदा रंधा हातात घेतला, पहिली ढलपी निघाली आणि मी तो खाली ठेवला. तिच्या नवऱ्याने दुकानातून लोखंडी पाळणा आणला. मुलगी त्यातच वाढली. छान वाढली.

काकींकडे जायचं धाडस मला पावसाळा उलटेपर्यंत झालं नाही. शेवटी एका सकाळी गेले. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. माझ्या फळ्या, त्यांचं नको म्हणणं, माझं ते वाक्य. एकही शब्द मी मऊ केला नाही.

काकींचा हात मेथीच्या जुडीवर थांबला होता.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "पहिल्या रात्री जेवताना सांगितलं त्यांनी. म्हणाले, पोरगी म्हणते मला ओळखता येत नाय. हसत म्हणाले, पण जेवले नाय. मी म्हटलं, पोरगी येडी हाय, सोडा. तर म्हणे, येडी नाय, तिच्या बहिणीचं बाळ हाय. नाव सांगितल्याबिगर ती ऐकायची नाय."

मला रडू आवरेना. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. माझं रडणं आपोआप थांबेपर्यंत त्या पानं खुडत राहिल्या.

"माझा राग हाय तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "तू एक रविवार जरी आली असतीस ना, तुला बघून त्यांनी ते काम टाकलं असतं. मी सांगितलेलं त्यांनी कधी ऐकलं नाय. तुझं ऐकलं असतं. हा राग जाईल असं मला वाटत नाय. जातो म्हणून खोटं कशाला सांगू?"

मी उठले. आता इथून निघायचं आणि पुन्हा या घराची पायरी चढायची नाही, असं मनात आलं. चप्पल पायात सरकवत होते, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"पुढच्या रविवारी ये."

मी वळून पाहिलं. त्यांची मान खाली होती.

"पोराला लाकडातलं काही कळत नाय. कॉलनीतल्या बायांना तर त्यांचा भुसाच आठवतो. त्यांच्याबद्दल बोलायचं तर मी बोलू कोणाशी? राग हाय तो हाय. तू येत जा."

तेव्हापासून मी जाते. काकी चहा ठेवतात. कधी त्या बोलतात, कधी मी बोलते. कधी दोघीही शेडच्या बंद दाराकडे बघत बसतो. राग गेला का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.